नऊ ब्लाउजचा पिच्चर

शोभाअक्कांना पिच्चर कसा होता असं कुणी विचारत नसे. बाया विचारायच्या, "अक्का, किती झाले?"

याचा अर्थ आधी सांगते, नाहीतर पुढचं काहीच कळणार नाही. अक्कांचं शिवणकामाचं दुकान वडीगोद्रीला हायवेला लागून आहे. दर शुक्रवारी सकाळच्या एसटीने त्या अस्तर, दोरा, बटणं आणायला जालन्याला जात. जाताना पिशवीत शिवून तयार झालेले, फक्त हुक लावायचे राहिलेले ब्लाउज असत. बाजार उरकला की त्या टॉकीजला जाऊन बसत आणि अंधारात, मांडीवर ब्लाउज घेऊन, बोटांनी चाचपत हुक लावत. पिच्चर चांगला असला की हात आपोआप थांबायचे आणि ब्लाउज तसेच परत यायचे. वाईट असला की काम व्हायचं. म्हणून संध्याकाळी त्या एसटीतून उतरल्या की बाया विचारायच्या, किती झाले. एकही नाही म्हणाल्या तर दुसऱ्या दिवशी दोन-चार घरं जालन्याला निघायची. दोन-तीन झाले असले तर सवड असेल त्यांनी जावं. पाचच्या वर गेले तर अक्का म्हणायच्या, "घरीच बसा, पंखा लावा."

अक्कांना आवडायचे ते मारधाडीचे पिच्चर. रडारडीच्या पिच्चरला त्या सहसा जात नसत. रडायला घरी लोक आहेत म्हणायच्या. पाठलाग, गोळीबार, इमारतीवरून उड्या, हे सगळं त्यांना मनापासून आवडायचं. पण त्यांची नजर शिंप्याची होती. हिरो स्फोटातून बाहेर आला आणि त्याच्या शर्टाची कॉलर कडक इस्त्रीची दिसली की त्या माझ्या कानाशी वाकून म्हणत, "याला कुठं बॉम्ब लागला, हा तर लाँड्रीतून आला."

बाईमाणसाने एकटीने टॉकीजला जाणं, तेही असले पिच्चर बघायला, हे गावात सगळ्यांना पटत नव्हतं. दुकानासमोर चहा प्यायला बसणाऱ्या एका म्हाताऱ्या आजोबांनी एकदा त्यांना ते बोलून दाखवलं. देवळात जायच्या वयात हे काय, असं काहीतरी. अक्का मशीनवरून उठल्या नाहीत. म्हणाल्या, "बाबा, मारधाड बघायला बाप्यांनाच डोळे दिल्यात का? देवळात मी सोमवारी जाते. शुक्रवारी देवाला पण सुट्टी पायजे." आजोबा हसले, चहा संपवला. पुढे महिनाभराने तेच हळू आवाजात विचारताना मी ऐकलं, शोभे, या आठवड्यात किती झाले?

मी अक्कांकडे पहिल्यांदा गेले ते बारावीनंतरच्या सुट्टीत. आमच्या घरात माझ्याआधी कुणी कॉलेजला गेलेलं नाही. जालन्याला खोली करून शिकायचं तर हाताला काम हवं होतं, आणि अक्कांच्या दुकानात उन्हाळाभर काम असायचं, कारण वडीगोद्रीतल्या एका खाजगी शाळेचे सगळे गणवेश त्यांच्याकडे शिवले जात. दुकानाचा वर्षाचा खरा आधार तोच होता. चार मशीन, दोन कायमच्या बाया, आणि सुट्टीत माझ्यासारख्या एक-दोघी. माझी पहिल्या वर्षाची पुस्तकं त्या निळ्या पिनाफोरमधून आली असं म्हटलं तरी चालेल.

मला बोलायची भीती वाटते. अजूनही वाटते. वर्गात सरांनी मत विचारलं की मी आधी बाकीच्यांकडे बघते, त्यांचं काय मत आहे त्याचा अंदाज घेते आणि मग त्याच्या जवळपासचं काहीतरी बोलते. अक्कांनी हे पहिल्याच आठवड्यात ओळखलं. त्या मला शुक्रवारी बरोबर घेऊन गेल्या. मोठ्या पडद्यावर मी तोवर काही पाहिलंच नव्हतं. परत येताना एसटीत त्यांनी विचारलं, कसा वाटला. मी म्हटलं, तुम्हाला कसा वाटला?

"मी नंतर सांगंन. आधी तुझं सांग."

मी म्हटलं, बरा होता.

"बरा म्हंजे काय, रेणू? शिळी भाकर बरी असती. पिच्चरला काय म्हणायचं ते सांग."

अंबड येईपर्यंत मी काही बोलले नाही. त्या खिडकीबाहेर बघत बसल्या. शेवटी मी घाबरत सांगितलं की हिरोचा मित्र मेला तेव्हा मला वाईट वाटलं नाही, कारण त्याला मारण्यासाठीच आणला होता हे आधीच कळत होतं. अक्कांनी मांडीवर थाप मारली. म्हणाल्या, हे बराबर बोललीस. मग स्वतःचं मत सांगितलं आणि ते माझ्यापेक्षा बरंच वेगळं निघालं. त्यांना तो मित्रच आवडला होता. आम्ही वडीगोद्रीपर्यंत भांडत आलो. माझ्या आयुष्यात मी मोठ्या माणसाशी असं कधी भांडले नव्हते, आणि शेवटी त्यांनी मला चहा पाजला.

एकदा मात्र त्यांच्या या पद्धतीने घोटाळा झाला. एक लहानसाच पिच्चर होता, त्यात कुणी नामांकित नव्हतं, आणि अक्कांचे हात तीन तास हलले नाहीत. सगळे ब्लाउज तसेच परत आले. त्यातला एक ब्लाउज दुसऱ्या दिवशी सकाळी हळदीला घालायचा होता. अक्का त्या रात्री त्याचे हुक लावायला विसरल्या, कारण आल्या आल्या बायांना पिच्चर सांगत बसल्या. ज्या बाईचा ब्लाउज होता ती आपल्या भावाच्या हळदीत पाच सेफ्टी पिना लावून वावरली. सोमवारी दुकानात आली तेव्हा आम्हाला वाटलं, आता ओरडते. ती स्टुलावर बसली आणि म्हणाली, पिना टोचत व्हत्या तवा एकच म्हणत व्हते, पिच्चर चांगलाच असंल. आता मला सांग सगळा.

दुकानाच्या दारापाशी एक काळा फळा होता. वरच्या अर्ध्यात ज्यांचे कपडे तयार त्यांची नावं. खालच्या अर्ध्यात शुक्रवारच्या पिच्चरचं नाव, झालेल्या ब्लाउजांचा आकडा, आणि एक ओळ कारण. कारण लिहिल्याशिवाय अक्का आकडा लिहीत नसत. नुसता आकडा लिहिला तर लोक म्हणतील बाईचं डोकं फिरलं, असं त्यांचं म्हणणं.

आता त्या मोठ्या पिच्चरबद्दल. माझ्या कॉलेजच्या दिवाळीच्या सुट्टीत, मी पुन्हा दुकानात काम करत असताना, तो आला. नाव लिहीत नाही, सगळ्यांना माहीत असेल अशा प्रकारचा तो होता. हेरगिरीचा. महिनाभर आधीपासून मोबाइलवर त्याच्याच जाहिराती. पाच देशांत चित्रण, खरी हेलिकॉप्टर, एवढा पैसा आजवर कुणी घातला नाही वगैरे. अक्काही वाट बघत होत्या. त्या आठवड्यात त्या माझ्याशी दुसरं काही बोलल्याच नाहीत, कारण त्यातला हेर शत्रूच्या शहरात बारा वर्षं शिंपी बनून राहतो, हे त्यांना कुणीतरी सांगितलं होतं. "आपला माणूस हाये तो," असं त्या म्हणत होत्या.

शुक्रवारी आम्ही दोघी गेलो. सुरुवातीचा पाठलाग सुंदर होता. अक्कांचे हात मांडीवर शांत होते. मग हेराचं दुकान आलं. शत्रूचा एक मोठा अधिकारी कोट शिवायला येतो आणि हेर त्याचं माप घेतो. मला अंधारात हुकाचा बारीक आवाज आला. अक्कांनी पहिला ब्लाउज घेतला होता. त्यानंतर डोळे पडद्यावर असले तरी त्यांचे हात फारसे थांबले नाहीत.

नऊ झाले. नऊ कधीच झाले नव्हते.

एसटीत त्यांनी मला विचारलं, आधी तुझं सांग. मी खरं सांगितलं. मला आवडला होता. हेर बारा वर्षांनी आईला फोन लावतो, ती हॅलो हॅलो म्हणत राहते आणि तो बोलू शकत नाही, तेव्हा मी रडले होते. अक्का म्हणाल्या, ते चांगलं होतं, मला पण तिथं थांबावं लागलं. मग त्यांनी आपलं सांगितलं. तो हेर कात्री पुढाऱ्याने फीत कापावी तशी धरत होता. माप घेताना टेप उलटा. कापड खडूच्या रेघेवरूनच कापलं, शिवणीसाठी माया म्हणून बोटभर कापड सोडलं नाही. मशीन चालत होती आणि सुईत दोराच नव्हता. "त्या सायबानं आयुष्यात कधी शिंपी बघितला न्हवता का? पहिल्याच दिवशी धरला असता याला. मंग बारा वर्षं कुठली अन् आईचा फोन कुठला?"

संध्याकाळी फळ्यावर लिहिलं गेलं: नऊ ब्लाउज. हेराला शिंप्याचं काम येत नाही.

अडचण अशी झाली की त्याच पिच्चरचा एक खेळ त्या रविवारी गावातल्या बायांसाठी फुकट ठेवलेला होता. ठेवला होता रमेशभाऊंनी. गणवेश ज्या शाळेचे, तिच्या कमिटीचं काम तेच बघतात, आणि पुढच्या निवडणुकीत त्यांना उभं राहायचं होतं. जीपगाड्या ठरल्या होत्या, बायांची नावं लिहून घेतली होती. शनिवारी दुपारपर्यंत त्यातली बरीच नावं गळाली. बायांनी कुणाचा निषेध वगैरे केला नव्हता. कुणाचा कापूस वेचायचा होता, कुणाकडे पाहुणे होते. फुकट असला तरी दिवस जातोच, आणि नऊ ब्लाउजच्या पिच्चरसाठी दिवस घालवायला त्या तयार नव्हत्या.

रमेशभाऊ शनिवारी दुपारी दुकानात आले. वाईट बोलणारा माणूस नाही. अक्कांना अक्काच म्हणतात, खुर्ची दिली तर आधी नको म्हणतात. हसत हसतच म्हणाले की फळ्यावरचं तेवढं पुसून टाका, सोमवारी पुन्हा लिहा हवं तर.

अक्का म्हणाल्या की शुक्रवारचं शुक्रवारी लिहायचं असतं.

"अक्का, हा काय साधा पिच्चर हाये का? देशाचा पिच्चर हाये. आपले लोक तिकडं जिवावर उदार होऊन काम करून राह्यले, अन् तुम्ही त्याला नावं ठेवता. बरं दिसतं का हे?"

"मी पिच्चरला नावं ठेवली, देशाला न्हाई. देश काय त्या पिच्चरवाल्यानं शिवून दिला का आपल्याला?"

दुकानातल्या दोघी बाया हसल्या. रमेशभाऊही थोडे हसले. म्हणाले, तुमचं शिवणाचं ज्ञान बराबर, पण एवढा बारकावा कोण बघतो.

तेव्हा अक्कांनी मशीन थांबवली. त्या चिडल्या की मशीन थांबते, हे आम्हाला माहीत होतं. "रमेश, खरा हेर असंल ना, तो बारकाव्यावरच जगत असंल. कात्री चुकली तर जीव जाईल त्याचा. ह्या पिच्चरातला देशासाठी मरायला तयार हाये, अन् पंधरा दिवस कुण्या शिंप्याजवळ बसून काम शिकायला तयार न्हाई? आन् एवढा पैसा घातलेल्यांना एक शिंपी विचारायला मिळाला न्हाई? त्यांनी खऱ्या हेराचा अपमान केला, मी न्हाई केला."

 मग रमेशभाऊंनी, जणू सहज आठवलं म्हणून, सांगितलं की पुढच्या वर्षाच्या गणवेशाचं कमिटीत ठरवायचं आहे, रेडिमेडवाले मागे लागलेत, अजून काही पक्कं नाही. एवढंच. आवाज तसाच गोड होता. दोघी बायांनी काम करता करता एकमेकींकडे पाहिलं. मी माझ्या सुईकडे पाहत राहिले.

मग त्यांची नजर माझ्याकडे गेली. कॉलेजची पोरगी ना तू, बघितलास का पिच्चर? मी मान हलवली. कसा वाटला?

मला त्या क्षणी खोटं बोलायची फार इच्छा झाली. अक्कांसारखंच काहीतरी बोलावं, म्हणजे मी त्यांच्या बाजूची ठरेन. पण ते माझं मत नव्हतं. मी म्हटलं, मला आवडला.

"बघा. शिकलेल्या पोरीला आवडला. हे लिहा की."

 अक्का माझ्याकडे बघत होत्या. त्यांनी खडूचा तुकडा उचलला आणि माझ्यापुढे धरला. "लिही. माझ्या खाली लिही. अन् नाव टाक."

मी लिहिलं: मला आवडला, आईच्या फोनसाठी. रेणुका. अक्षर इतकं बारीक आलं की जवळ गेल्याशिवाय दिसलं नसतं. रमेशभाऊंनी रुमाल काढला आणि वरची, अक्कांची ओळ पुसली. माझी तशीच ठेवली. अक्का शांतपणे उठल्या, खडू घेतला आणि तिथेच, पुसलेल्या जागी, तीच ओळ पुन्हा लिहिली. एक अक्षरही न बदलता.

"अक्का, विचार करा."

"केला. तीन तास केला, नऊ ब्लाउज होईपोत्तर."

रमेशभाऊ गेले. चहा न पिता गेले, आमच्याकडे हा मोठाच राग समजतात.

रविवारी सकाळी मी दुकान उघडायला गेले तेव्हा फळ्यावरची अक्कांची ओळ ओल्या फडक्याने पुसलेली होती. कुणी पुसला ते मी पाहिलं नाही, म्हणून नाव घेत नाही. माझी ओळ जशीच्या तशी होती. अक्का यायच्या होत्या. समोर जीपगाड्या उभ्या राहायला लागल्या होत्या, त्यात बसायला आलेल्या बाया फळ्याकडे बघत होत्या, आणि फळ्यावर एकटं माझंच मत होतं. जणू मी आणि त्या ओल्या फडक्याने मिळून अक्कांना गप्प केलं होतं.  मी खडू घेतला आणि माझ्या ओळीच्या वर, ठळक अक्षरात लिहिलं: नऊ ब्लाउज. हेराला शिंप्याचं काम येत नाही. शोभाअक्का. तसं माझं मत नव्हतं. आजही नाही. पण ते मत तिथं असायला हवं होतं, एवढं मला त्या दिवशी स्पष्ट कळलं.

अक्का आल्या, वाचलं. म्हणाल्या, "तुझं अक्षर माझ्यापरीस चांगलं हाये. ऱ्हाऊ दे."

जीपगाड्या गेल्या, अर्ध्या भरलेल्या. संध्याकाळी परत आलेल्या बायांपैकी काहींना पिच्चर फार आवडला होता आणि तसं त्यांनी अक्कांना तोंडावर सांगितलं. अक्कांनी त्यांच्याशीही भांडण केलं, नेहमीसारखं. दोघी-तिघी मात्र म्हणाल्या की हेराने कात्री उचलली तेव्हा आमची सगळी रांग हसायला लागली, आणि पुढे बसलेले लोक वळून बघत होते, यांना इथं हसायला काय झालं म्हणून.

गणवेशाचं काम गेलं. उन्हाळ्यात शाळेने रेडिमेड आणले. अक्कांनी दोन मशीन कापड टाकून झाकून ठेवल्या आणि कायमच्या दोघींपैकी एकीला अंबडला दुसऱ्या दुकानात लावून दिलं, स्वतः जाऊन बोलून. मला त्या सुट्टीत काम नव्हतं. मी एका झेरॉक्सच्या दुकानात बसले. हे सगळं गोड झालं असं मी लिहिणार नाही. अक्का त्या उन्हाळ्यात थकलेल्या दिसायच्या, आणि दुकानात शिरलं की त्या झाकलेल्या मशीनकडे आधी लक्ष जायचं.

एकदा धीर करून मी विचारलं, एक ओळ पुसू दिली असती तर? दोन दिवसांचा तर प्रश्न होता. त्या काज करत होत्या. सुई चालू ठेवूनच बोलल्या.

"ओळ पुसायला काय लागतं गं. पण मंग पुढल्या शुक्रवारी बायांनी मला कशाला विचारावं? त्यांनी म्हणावं, रमेशला विचारा, आज अक्कांचं मत काय हाये."

मी आता तिसऱ्या वर्षाला आहे. वर्गात अजूनही आधी इकडेतिकडे बघते, पण हल्ली बोलते. आमच्या एका सरांनी अलीकडे एका पुस्तकाबद्दल सगळ्यांचं मत विचारलं आणि सगळा वर्ग चांगलं म्हणत असताना मी म्हटलं, मला नाही आवडलं, आणि कारण सांगितलं.  सरांनी ऐकून घेतलं, पटलं नाही म्हणाले. मला त्याचं काही वाटलं नाही.

अक्कांना शेवटचं पाहिलं ते मागच्या महिन्यात, एका शनिवारी सकाळी, एसटीच्या खिडकीतून. मी गावाकडून जालन्याला निघाले होते आणि गाडी थांब्यावर उभी होती. दुकानापुढे रमेशभाऊंची पांढरी गाडी थांबलेली होती, तोंड जालन्याकडे. गाडीत त्यांच्या घरचे सगळे, ठेवणीतले कपडे घालून. पुढच्या सीटवर त्यांच्या बायकोने काच खाली केली होती आणि ती डोकं बाहेर काढून फळा वाचत होती. वाचून झाल्यावर तिने नवऱ्याकडे वळून काहीतरी सांगितलं. रमेशभाऊंनी कपाळाला हात लावला. मागे बसलेली मुलं एकदम बोलायला लागलेली दिसली. दोन-तीन मिनिटं गाडीत वाद चालला असावा. मग त्यांनी हायवेवरच गाडी वळवली आणि ती घराकडे परत गेली.

अक्का आत एकट्याच होत्या. पायाखाली मशीन चालू होती, कापड पुढे सरकत होतं. त्यांनी मान वर केली नाही.